नसेतला उजेड, पायावरची पट्टी

जुनी जखम घेऊन आलेल्या माणसाच्या पायाची पट्टी मी स्वतःच सोडतो, सिस्टरांवर ते काम टाकत नाही. पट्टी सोडताना जे कळतं ते फाइल वाचून कळत नाही. काही वर्षांपूर्वी एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक आले होते. वरचं क्रेप बँडेज धुऊन धुऊन ढिलं पडलेलं, ताण म्हणून उरलेला नाही. त्याखाली कापूस, त्याखाली लस वाळून कडक झालेली गॉज, तिच्या कडेला हळदीचा पिवळा डाग. गॉज सलाइनने भिजवली आणि ती सुटायची वाट पाहत थांबलो, तेवढ्यात त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "सात वर्षं झाली. भरते, पुन्हा फुटते. शुगर तर नाही म्हणतात." जखम आतल्या घोट्याच्या वर चार बोटांवर, तळहाताएवढी, उथळ, कडा वेड्यावाकड्या. भोवतीची कातडी तपकिरी आणि चामड्यासारखी आवळलेली. पोटरीवरून मांडीकडे गेलेली नस सुंभासारखी फुगलेली. वाहकांनी एवढंच विचारलं, "साहेब, लेझर मारून ही बंद नाही का करता येणार?"

मी उलट विचारलं, "मारायचा कुठे?" त्यांनी जखमेकडे बोट दाखवलं. मी मांडीकडे दाखवलं.

हातातलं हे पुस्तक त्या दोन बोटांमधल्या अंतराविषयी आहे. लेझर हा शब्द आता इतका चलनात आहे की डोळ्यांचा, मुतखड्याचा, मूळव्याधीचा, चेहऱ्यावरच्या डागांचा असे सगळे लेझर लोकांच्या मनात एकच यंत्र होऊन बसलेत. पायाच्या जुन्या जखमेपुरतं बोलायचं तरी त्या एका शब्दात निदान तीन निरनिराळे उपचार आहेत. त्यांचा इतिहास वेगळा, पुरावा वेगळा आणि खर्चही वेगळा. कोणता उपचार कशासाठी, हे न कळता पैसे भरलेली माणसं मी पाहिली आहेत. या विषयावर मराठीत पुस्तक हवं होतं ते म्हणूनच.

आधी आजार समजून घेऊ. हृदयाकडून पायाला रक्त नेणाऱ्या त्या रोहिणी आणि परत आणणाऱ्या त्या नीला, हे शाळेत शिकलेलं असतं. पण घोट्यापासून छातीपर्यंत चार-साडेचार फूट रक्त वर चढतं कसं, हे शाळेत फारसं कुणी विचारत नाही. हे काम पोटरी करते. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो, आतल्या नीला पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. स्नायू सैल पडला की ते खाली घसरू नये म्हणून नीलांमध्ये जागोजागी वरच्या दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. माणूस स्तब्ध उभा असतो तेव्हा घोट्याजवळच्या नीलेतला दाब पाऱ्याच्या 80 ते 90 मिलिमीटरपर्यंत असतो, आणि निरोगी पायात चार पावलं टाकली की तो 30 च्या आसपास उतरतो. झडपा निकामी झाल्या की चालूनही तो उतरत नाही. दिवसभर, वर्षानुवर्षं, घोट्याजवळच्या कातडीवर तो भार राहतो. बारीक केशवाहिन्यांतून पाणी, प्रथिनं आणि तांबड्या पेशी बाहेर झिरपतात. पेशींतल्या लोहामुळे कातडी तपकिरी होते, खालची चरबी सुजून कडक होते, खाज सुटते. मग एके दिवशी खाजवताना नख लागतं किंवा बाजेचा पाया लागतो, आणि एरवी आठ दिवसांत भरली असती अशी खरचट वर्षानुवर्षं उघडी राहते.

म्हणजे जखम दिसते घोट्याला, पण बिघाड असतो वर, कधी कधी थेट जांघेत. गळका नळ माडीवर आणि ओल तळमजल्याच्या भिंतीला, तशातला प्रकार. भिंतीला कितीही चांगला रंग द्या, पोपडे येणारच.

पायाच्या प्रत्येक जखमेला हे लागू नाही. जखम कुठे आहे यावरून तिचं कूळ बरंचसं कळतं. बोटांच्या टोकाला, काळी पडत गेलेली आणि रात्री पाय खाली लोंबकळत ठेवला की बरं वाटणारी जखम ही बहुधा रोहिणी चोंदल्याची. अशांच्या खिशात तंबाखूची पुडी किंवा विडीचं बंडल सापडतं. तळव्याला, दाब येतो तिथे, न दुखणारी जखम ही मधुमेहाची किंवा कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायाची. विदर्भात आणि नंदुरबारकडे तरुण मुलाच्या घोट्याला जखम दिसली तर सिकलसेलची तपासणी करावी. हत्तीरोगाच्या पायाची गोष्ट वेगळी. पण आतल्या घोट्याच्या वर, तपकिरी कातडीत, उथळ आणि सतत पाझरणारी जखम ही बहुतेक वेळा नीलांची असते. पायाच्या जुन्या जखमांतल्या निम्म्याहून कितीतरी जास्त याच जातीच्या. तरीही आपल्याकडे पायाला जखम म्हटलं की पहिला प्रश्न 'शुगर आहे का?' हाच. शुगर नाही असा रिपोर्ट आला की माणूस निर्धास्त होतो, आणि डॉक्टरही.

आजार जुना आहे आणि त्याच्याशी माणसाचं भांडणही जुनं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या एबर्स पपायरसमध्ये पायावरच्या नागमोडी फुगवट्यांना हात लावू नये, असा सल्ला सापडतो. पायाला जखम असेल तर उभं राहणं वाईट, हे हिपोक्रेटिसच्या परंपरेने ओळखलं होतं. रोमन सेनानी मारियसने स्वतःला बांधून न घेता एका पायाच्या नसा कापून घेतल्या आणि दुसरा पाय पुढे करायला मात्र नकार दिला, असं प्लूटार्कने लिहून ठेवलंय. त्याचं मत असं, की गुणाच्या मानाने यातना फार. शस्त्रक्रियेविषयी रुग्णाने दिलेला इतका नेमका अभिप्राय मी दुसरा वाचलेला नाही.

आपल्याकडे सुश्रुताने व्रणचिकित्सेचे 60 उपक्रम सांगितले, पट्टी बांधण्याचे 14 प्रकार सांगितले आणि पट्टी किती आवळायची याचेही गाढ, सम आणि शिथिल असे तीन भेद केले. जळवा लावणं आणि शिरावेध हे त्यातलेच. जळवांचा उल्लेख झाला की लोकांना मोठं कौतुक वाटतं. मला त्याहून मोलाचा वाटतो तो पट्टीच्या ताणाचा विचार. कारण या जखमेच्या उपचारात पुढे हजारो वर्षं जे टिकलं ते पट्टी आवळणंच. सतराव्या शतकात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाचा शल्यवैद्य रिचर्ड वाइझमन याने चामड्याचा, नाडी आवळायचा मोजा वापरला आणि 1676 च्या ग्रंथात या जखमेचा संबंध फुगलेल्या नसांशी जोडला. त्याआधी 1603 मध्ये फाब्रिसियसने नीलांच्या झडपांचं वर्णन केलं होतं, आणि त्याच्याच शिष्याने, विल्यम हार्वेने, 1628 मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडून त्या झडपांचं काम उलगडलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅम्बुर्गच्या पाउल उना यांनी झिंक ऑक्साइडच्या लेपाची पट्टी रूढ केली. 'उनाज बूट' या नावाने ती अजून चालते. त्याच सुमारास जर्मनीतच ट्रेंडेलेनबुर्ग यांनी मांडीतली मोठी नीला बांधून टाकायची शस्त्रक्रिया सुरू केली. पुढे ती नीला तारेने ओढून काढायची पद्धत आली. आमच्या पिढीने तीच केली. जांघेत छेद, घोट्याजवळ छेद, मांडीभर निळंकाळं.

म्हणजे लेझर यायच्या आधीच दोन घराणी तयार होती. एक पट्टीवाल्यांचं, दुसरं शस्त्रवाल्यांचं. लेझर आला तो या दोन्ही घरांत, वेगवेगळ्या दारांनी.

1960 च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर काढला. मराठी वाचकाला इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. कार्बन डायऑक्साइड लेझर ज्यांनी 1964 मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये घडवला, ते सी. के. एन. पटेल जन्माने बारामतीचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर. या लेझरचा प्रकाश पाणी भराभर शोषून घेतं. ऊतीत पाणीच पाणी, म्हणून तो चाकूसारखा चालतो. जुन्या जखमेवरचा मेलेला, जिवाणूंचा चिकट थर बसलेला भाग खरवडण्याऐवजी तो अशा लेझरने पातळ पातळ उडवायचा, ही लेझरची एक शाखा. हत्यार नेमकं आहे, पण काम साफसफाईचं, आणि ते चमच्यासारख्या साध्या क्युरेटनेही होतं. याविषयी मी एवढंच बोलेन.

दुसरी शाखा जास्त रंजक आहे आणि जास्त वादाचीही. बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर नावाचे शल्यचिकित्सक 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात उंदरांवर माणकाचा लेझर टाकून बघत होते. गाठी जळतील ही अपेक्षा. यंत्र अशक्त होतं, गाठींचं काही झालं नाही, पण कातडी भादरलेल्या जागी केस लवकर उगवले. मेस्टर यांनी ही चूक म्हणून सोडून दिली नाही. सौम्य प्रकाश पेशींना चेतवत असेल, असं धरून त्यांनी तो माणसांच्या न भरणाऱ्या जखमांवर वापरला आणि चांगले अनुभव नोंदवले. पुढे रशियात टीना कारू यांनी पेशीतल्या मायटोकाँड्रियामधलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेझ हे विकर तांबडा प्रकाश टिपतं, अशी मांडणी केली. आज याला फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात. कातडी ना तापते ना जळते. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पेनासारखं यंत्र जखमेभोवती फिरवतात ते हेच.

प्रयोगशाळेच्या बशीत पेशी या प्रकाशाला प्रतिसाद देतात, यात शंका नाही. पायावर काय होतं? नीलांच्या जखमांवर रुग्णांच्या तुलनात्मक चाचण्या झाल्या तेव्हा चित्र फिकं निघालं. 1990 च्या दशकाच्या अखेरीस कॉक्रेनच्या समीक्षेने मोजक्या आणि छोट्या चाचण्या एकत्र तपासल्या. सौम्य लेझरने या जखमा लवकर भरतात याचा पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष तिने काढला. समर्थक म्हणतात, मात्रा चुकली, तरंगलांबी चुकली. मात्रा कमी पडली तर परिणाम नाही आणि जास्त झाली तर उलटा परिणाम, असं या प्रकाशाचं वागणं असल्यामुळे त्यांचं म्हणणं एकदम उडवून लावता येत नाही. पण तीस-चाळीस वर्षं मात्रा ठरत नसेल, तर रुग्णाने तोवर दर खेपेचे पैसे का मोजावेत, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. या पुस्तकाचे लेखक या बाबतीत माझ्यापेक्षा उदार आहेत. त्यांनी या शाखेला बरीच पानं दिली आहेत. इतर उपायांना जोड म्हणून तिला जागा असू शकते, असं त्यांना वाटतं. आमचा हा मतभेद प्रस्तावनेत राहू द्या, हा त्यांचाच आग्रह.

तिसरी शाखा मांडीतली. माझं बोट वाहकांच्या मांडीकडे गेलं ते हिच्यामुळे. 1999 मध्ये स्पेनच्या कार्लोस बोने यांनी लेझरचा बारीक तंतू नीलेच्या आतच सरकवून ती आतून बंद केल्याचं जाहीर केलं. 2001 मध्ये नवारो, मिन आणि बोने यांचा लेख आला, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत या तंत्राला मान्यता मिळाली. ओढून काढायची ती नीला आता जागच्या जागी शिजवून बंद करता येऊ लागली.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी चकित झालो होतो. ऑपरेशन थिएटरमधले दिवे मंद केलेले. रुग्ण जागा, गप्पा मारतोय. गुडघ्याजवळ सलाइन लावायच्या सुईएवढंच भोक. सोनोग्राफीच्या पडद्यावर नीला काळ्या वर्तुळासारखी दिसते, आत तंतूचं टोक पांढऱ्या ठिपक्यासारखं. ते जांघेजवळच्या सांध्याच्या दोनेक सेंटिमीटर अलीकडे थांबवायचं. मग नीलेच्या भोवती थंडगार, भूल मिसळलेलं सलाइन टोचत जायचं. ही पाण्याची गादी आजूबाजूच्या ऊतींना उष्णतेपासून वाचवते आणि नीलेला तंतूवर आवळून धरते. सगळ्यांनी रंगीत चष्मे चढवले की यंत्र सुरू. तंतू मागे ओढत आणायचा, घाई न करता. मार्ग दाखवणारा तांबडा प्रकाश कातडीतून दिसतो, मांडीवरून काजवा सरकत यावा तसा. पूर्वी 810 किंवा 980 नॅनोमीटरचे लेझर असत, तो प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन जास्त शोषायचं. हल्ली 1470 नॅनोमीटरचा चालतो. तो पाणी शोषतं, म्हणजे नीलेची भिंतच शोषते, आणि दुखणं कमी होतं. शेवटी पट्टी बांधायची आणि माणसाला उठवून चालायला लावायचं. झोपून राहिलेलं चालत नाही.

आता खरा प्रश्न. नीला बंद केली म्हणून जखम भरते का? या बाबतीत दोन चाचण्या ठाऊक असल्याच पाहिजेत. दोन्ही ब्रिटनमधल्या. ईस्कार चाचणीत 500 रुग्ण होते. निम्म्यांना फक्त दाबाची पट्टी, निम्म्यांना पट्टी आणि जुन्या पद्धतीची शस्त्रक्रिया. 24 आठवड्यांनी दोन्हीकडे सारख्याच, 65 टक्के जखमा भरलेल्या. शस्त्रवाले खट्टू झाले असतील. पण वर्षभरात पुन्हा फुटण्याचं प्रमाण नुसत्या पट्टीवाल्यांत 28 टक्के, शस्त्रक्रिया झालेल्यांत 12 टक्के. चार वर्षांनी ते 56 आणि 31 होतं. म्हणजे जखम भरते पट्टीने, आणि भरलेली राहते ती नीला बंद केल्याने. मग 2018 मध्ये एव्हरा चाचणीचे निष्कर्ष आले. 450 रुग्ण. पट्टी सगळ्यांनाच. एका गटाची नीला दोन आठवड्यांच्या आत बंद केली, दुसऱ्याची जखम भरल्यावर किंवा सहा महिन्यांनी. जखम भरायला लागलेल्या दिवसांचा मध्यांक पहिल्या गटात 56 होता, दुसऱ्यात 82. जखम आधी भरू द्या मग नसेचं बघू, हा माझ्यासारख्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता इथे मोडला. जाहिरातवाले सांगत नाहीत ती गोष्ट मात्र अशी, की या चाचणीत नीला बंद करायला लेझरपेक्षा फेसाचं इंजेक्शन जास्त वापरलं गेलं. नीला बंद होणं महत्त्वाचं. ती प्रकाशाने होते, रेडिओ लहरींनी होते, फेसाने होते, आता गोंदानेही होते. लेझर हा त्यांतला एक चांगला मार्ग, एकमेव नव्हे.

आणि कधी कधी चुकीचा मार्ग. आधी खोल नीलेत गुठळी होऊन गेली असेल आणि तो रस्ता बंदच असेल, तर वरची फुगलेली नीला हाच वळणरस्ता असतो. तोही लेझरने बंद केला तर पाय आणखी सुजतो. म्हणून नीट केलेल्या डॉप्लर सोनोग्राफीशिवाय, तीही रुग्णाला उभं करून केलेल्या, लेझरच्या टेबलावर चढू नये. दाबाच्या पट्टीचंही तसंच. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहायचा. गुणोत्तर 0.8 च्या खाली असेल तर रोहिणीत दोष आहे, आणि तिथे घट्ट पट्टी बांधणं म्हणजे पाय गमावण्याची तयारी.

हे सगळं आत्ताच का लिहायचं? कारण शहरांच्या नाक्यांवर 'विना टाके, विना वेदना' असे फलक लागलेत, आणि त्याच नाक्यावर वाहतूक पोलीस, रखवालदार, केशकर्तनालयातला कारागीर, पोळीभाजी केंद्रातल्या बाया बारा-बारा तास उभ्या आहेत. हा त्यांचा आजार आहे. लेझर तालुक्याला पोचला, पण घोट्याला पाऱ्याचे 40 मिलिमीटर दाब देईल अशी पट्टी बांधणारे हात पोचले नाहीत. मे महिन्यात नागपुरात किंवा जळगावात दाबाचे मोजे घालून दाखवा, असं एका रुग्णाने मला सुनावलं होतं. त्याचं बरोबर होतं. युरोपातल्या हवेसाठी बेतलेल्या सल्ल्याला इथे मुरड घालावी लागते.

लेखकांपैकी एक शल्यचिकित्सक आहेत, दुसऱ्या ड्रेसिंगच्या टेबलापाशी हयात घालवलेल्या परिचारिका. पुस्तकाचा कस मला त्या दुसऱ्यांच्या भागात जास्त जाणवला. सारख्या ताणाने गुंडाळलेली पट्टी बारीक घोट्यावर जास्त आणि जाड पोटरीवर कमी दाब देते, हे भौतिकशास्त्र त्यांनी बाटली आणि फडकं घेऊन समजावलंय. नडगीच्या धारदार हाडावर कापसाची घडी का ठेवायची, मोज्याचं माप सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी का घ्यायचं, वाकता न येणाऱ्या म्हातारीला मोजा कुणी आणि कसा चढवायचा, हे सगळं चित्रांसह आहे. तंत्राची पुस्तकं यंत्रापाशी थांबतात. हे रुग्णाच्या घरी जातं. जनरल प्रॅक्टिस करणारे डॉक्टर, आशा कार्यकर्त्या आणि दर आठवड्याला कुणाच्या तरी पायाची पट्टी बदलणारी घरची माणसं, या तिघांनाही वाचता येईल अशी भाषा ठेवायची म्हणजे कसरत होती. काही ठिकाणी ती डॉक्टरांच्या बाजूला झुकली आहे. तिथे वाचकाने पानं उलटावीत, हरकत नाही.

त्या वाहकांची नीला आम्ही लेझरनेच बंद केली. जखमेला लेझर लावला नाही, पट्टी मात्र दर आठवड्याला नव्याने बांधली. भरायला तीन महिने लागले. आषाढ जवळ आला तसे ते पुन्हा दारात उभे, भीतभीत विचारायला, की वारीला जाऊ का. मी म्हटलं, चालायला माझी ना नाही, पोटरीला त्याहून चांगलं औषध नाही. मुक्कामाला पाय उशीवर घ्या. पण पंढरपुरात दर्शनबारीत दहा-पंधरा तास उभं राहायचं नाही. ते काही बोलले नाहीत. परतल्यावर प्रसाद घेऊन आले आणि सांगितलं, या वेळी मुखदर्शन घेतलं. मग खुर्चीत बसून त्यांनी स्वतःच मोजा उतरवायला घेतला, मला बघता यावं म्हणून.